युरियाचा गहू

शेवई तुटली म्हणून घरातल्या सुनेला माहेरी धाडायची वेळ आली होती, हे मी मागे नातीला सांगितलं तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, "आजी, मग दुकानातून आणायच्या ना!" तिचंही बरोबरच आहे. पण मी ज्या घरात वाढले तिथे शेवई खाण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त असायची. लग्नात रुखवत मांडलं की वऱ्हाडातल्या बायकांचे हात लाडू सोडून आधी शेवयांच्या चवडीकडे जायचे. किती बारीक आहे, किती लांब आहे, मध्ये गाठ आहे का, हे उजेडात धरून बघायच्या. त्यावरून मुलीच्या आईची परीक्षा व्हायची, काकूंची व्हायची आणि जिचा शेवयांशी काडीचा संबंध नाही त्या नवरीचीसुद्धा व्हायची. त्या उन्हाळ्यात आमच्या ताईचं लग्न ठरलं होतं. निलंग्याकडची सोयरीक होती आणि त्यांची माणसं फार चिकित्सक, असं सगळेच म्हणत होते. अशी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. त्यांना फक्त दुसऱ्याच्या घरातलं काही बघायचं असतं तेव्हाच स्पष्ट दिसतं.

आमचं गाव चाकूरपासून बैलगाडीच्या वाटेवर. घरात आबा, आई, थोरला दादा गणपत, त्याची नवी बायको म्हणजे वहिनी, ताई, मी आणि आत्या. आत्या आबांची थोरली बहीण. विधवा होती आणि माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडेच राहत होती. नाव आबांचं असलं तरी घर तिचं होतं. आई तिच्यासमोर पदर सावरूनच उभी राहायची आणि आबा तिच्यासमोर विडी ओढत नसत. आत्याची पंचक्रोशीत ख्याती होती ती धान्य पारखण्याबद्दल. गव्हाचा एक दाणा दाढेखाली धरून कट् करून फोडायची आणि सांगायची, हा पोळीला, हा शेवयाला, हा नुसता भरडायला. लोक घरचा गहू फडक्यात बांधून तिला दाखवायला आणायचे. मला कळायला लागलं तोवर आत्याच्या दाढा पडून गेल्या होत्या. पण ख्याती पडली नव्हती. ती आता दाणा तळहातावर घेऊन नुसती बघायची आणि निकाल द्यायची. दाढा नसताना पारख कशी होते, हे विचारायची छाती कुणाची नव्हती. ती भाकरी दुधात कुस्करून खायची आणि आम्ही सगळे तिकडे बघायचं टाळायचो.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. आधी कुठल्याही कामाला उस्मानाबादला जावं लागे, ते आता लातूरला होऊ लागलं. आबांना त्याचा फार अभिमान, जणू जिल्हा त्यांनीच मागून आणला. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या फटफट्या. आणि नेमकी पावसानं दडी मारली. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच वाळली. पारावरची माणसं म्हणायला लागली, "जिल्हा आला आन् पाऊस गेला." आमच्या घरात त्या म्हणण्याला आणखी एक शेपूट जोडलं गेलं, कारण वहिनीही त्याच सुमारास लग्न होऊन घरात आली होती. सुरुवातीला ते कुणी बोललं नाही. आत्या फक्त एकदा, भाकरी थापताना, वहिनीच्या पायाकडे बघून म्हणाली, "कंदी आलीस गं तू? मिरगाच्या आधी का नंतर?" वहिनीनं भाबडेपणानं सांगितलं, आधी. आत्यानं "हां" केलं आणि काठवट पुढे ओढली. त्या 'हां'चा अर्थ मला नंतर कळला.

वहिनी बिलोलीकडची. तिकडची बोली आमच्याहून निराळी, मध्येच तेलुगू शब्द डोकावायचे. काही चुकलं की "अय्यो" म्हणायची आणि ताई आणि मी फिदीफिदी हसायचो. तीही हसायची. अंगानं किरकोळ, पण हात मोठे, बोटं लांब. येसर घालून आमटी केली तर अख्ख्या आळीला वास जायचा. दादाचं तिच्यावर मन होतं, पण दादाचं मन नेहमी दुसऱ्याची परवानगी घेऊन बाहेर पडायचं.

दादाला शेतीत नवं काहीतरी करून दाखवायचं होतं. रब्बीच्या तोंडाला नव्या कचेरीतले एक साहेब फटफटीवर आले आणि गव्हाला युरिया घालून बघा म्हणाले. दादानं विहिरीखालच्या तुकड्याचे मधोमध बांध घालून दोन भाग केले. दोन्हीकडे घरचाच बन्शी गहू पेरला. एका अंगाला युरिया, पेरताना आणि पुन्हा पाण्याबरोबर. दुसऱ्या अंगाला काहीच नाही, कारण फरक दिसला पाहिजे ना! आणि दिसलाही. युरियाचा गहू काळाभोर, कमरेला लागेल असा, वाऱ्यावर सळसळायचा. पलीकडचा पिवळट, विरळ, बापुडवाणा. दुष्काळात डोळ्यांना हिरवं दिसणं हीच मोठी गोष्ट होती, त्यामुळे शेजारच्या गावची माणसंही येऊन बांधावर उभी राहायची. दादा तेव्हा चालताना छाती जरा पुढे काढायचा. आत्या मात्र म्हणायची, "पांढऱ्या मिठाचं हिरवेपण हाय ते. बघा म्हनं."

मग विहीर आटली. दाण्यात चीक भरायच्या वेळी इंजिन सुरू केलं तर पाइपातून आधी पाणी, मग गढूळ, मग नुसता खर्र खर्र आवाज यायला लागला. तो आवाज आजही कानात आहे. इंजिन बंद केल्यावर दादा तिथेच काठावर बसून राहिला. शेवटचं पाणी दोन्हीकडे मिळालं नाही. पण जो गहू जास्त वाढला होता त्याला जास्त तहान होती. काळाभोर गहू बघता बघता पांढरा पडला आणि पलीकडचा बापुडवाणा मात्र होत्या ओलीवर कसाबसा पिकला. खळ्यात दोन वेगळ्या राशी पडल्या तेव्हा गाव पोट धरून हसलं. युरियाचा दाणा बारीक, सुरकुतलेला, म्हाताऱ्याच्या गालासारखा. बिनखताचा दाणा थोडाच, पण टपोरा, फिकट, त्यावर पांढरे पांढरे ठिपके. आत्यानं तो ओंजळीत घेतला. "हे बघा, दुधाळ दाना. लक्ष्मी हाय ही. ह्याच्याच करायच्या पोरीच्या शेवया." युरियाच्या गव्हाकडे बोट दाखवून म्हणाली, "आन् ते कोंबड्याला घाला." दोन कणग्या भरल्या. एक देवघराजवळ, एक गोठ्याकडच्या कोपऱ्यात. त्या दिवसापासून दादानं शेतीबद्दल बोलणं सोडलं.

लग्नाच्या शेवयांना मुहूर्त करावा लागतो. पाच सवाष्णी बोलवायच्या, पाटाला हळदकुंकू लावायचं, आणि पहिली तार घरच्या नव्या सुनेनं ओढायची. टपोरा गहू ओलवून, कांडून, वाळवून दळला आणि फडक्यातून गाळून त्याचं सपीट केलं. पीठ वहिनीनंच मळलं. अंगणात दोन बाजा समोरासमोर टाकून त्यांच्यावर वेताच्या काठ्या आडव्या ठेवल्या होत्या, शेवया वाळत घालायला. तार झेलायला मी बसले होते. आत्या विधवा म्हणून मुहूर्ताला शिवू शकत नव्हती. ती उंबऱ्याच्या आत बसून हुकूम सोडत होती.

वहिनीनं तेलाचा हात घेतला, गोळा पाटावर ठेवला आणि तळवा फिरवला. तार निघाली, माझ्या बोटांपर्यंत आली आणि तुटली. बायका म्हणाल्या, होतंय, पहिलीच हाय. पुन्हा निघाली, वीतभर आली, तुटली. मग निघायच्या आधीच तुकडे पडायला लागले. वहिनीच्या कपाळावर घाम आला. "अय्यो," ती पुटपुटली, आणि त्या दिवशी कुणी हसलं नाही. शेजारच्या काकूंनी गोळा आपल्याकडे ओढला, त्यांच्याही हातात तुटली. मला वाटलं, चला, सुटली वहिनी. पण आतून आत्याचा आवाज आला, "तिनं मळलेलं पीठ हाय ते. तुमी काय करताव त्याला?"

मग आईनं नवं पीठ मळलं. आईच्या शेवया म्हणजे रेशीम, असं सगळं गाव म्हणायचं. आईच्याही तुटल्या. तेव्हा आत्या म्हणाली की पाणी वहिनीनं शेंदलेलं आहे. पाणी बदललं. मग म्हणाली, ती समोर बसली आहे, तिची सावली पडते आहे. माझ्या आयुष्यात मी पुढे पुष्कळ शिकलेल्या माणसांना असंच करताना पाहिलं आहे. निकाल आधी ठरलेला असतो आणि कारणं मागून पायऱ्या चढत येतात. बायका एकेक करून पदर खोचत उठल्या. जाताना त्यांनी ताईकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला विसरता येत नाही. लग्नाची पहिली तार तुटली होती. ताई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुपारी जेवायला कुणी बसेना. हुलग्याचं माडगं चुलीवर तसंच होतं. आबा ओसरीवर, दादा दाराला टेकून. आत्या बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "पांढऱ्या पायाची हाय ती. आली आन् पाऊस गेला. गनपतनं हौसेनं गहू केला, जळाला. आता पोरीच्या लग्नात तार तुटली. निलंग्याच्या मान्साला कळलं तर सोयरीक मोडंल. लग्नापुरतं तिला म्हायेरी धाडा."

"लग्नापुरतं," आबा म्हणाले, जणू ते स्वतःला समजावत होते.

लग्नापुरती माहेरी गेलेली सून परत आणायला कुणी जात नाही, हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्याच आळीत तशी एक होती, तिची ट्रंक अजून सासरच्या माळ्यावर पडलेली. मी दादाकडे बघितलं. दादा काहीतरी बोलेल असं मला अगदी खात्रीनं वाटत होतं. त्यानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली आणि संध्याकाळी चाकूरच्या फाट्यावर जाऊन नांदेडकडे जाणाऱ्या एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे निरोप दिला, मेव्हण्यानं येऊन बहिणीला घेऊन जावं. मला त्याचा इतका राग आला होता की त्याला ताटावर पाणी द्यायला मी उठले नाही.

निरोप पोचून माणूस येईपर्यंत मधले जे दिवस गेले ते अवघड होते. वहिनीला चुलीला शिवू दिलं नाही, पाणी भरू दिलं नाही. ती गोठ्याकडच्या कोपऱ्यात कणगीला टेकून बसायची. रडायची नाही. मी शाळेतून येऊन तिच्याजवळ बसायचे तर आत्या हाक मारून मला उठवायची. एकदा मी गेले तर तिच्या मुठीत दाणे होते. एका हातात टपोरे, एका हातात सुरकुतलेले. "चाव शकू," ती म्हणाली. टपोरा दाणा दाढेखाली भुसकन फुटला, आत खडूसारखा पांढरा. दुसरा फुटता फुटेना. फुटला तो कट् करून, माझी दाढ ठणकली. आत पिवळसर, काचेसारखा. "आता चावत ऱ्हा. गिळू नको." आम्ही पोरं गहू चावून चावून चिकट गोळी करायचो, ती चिंगम म्हणून मिरवायचो. टपोऱ्याची गोळी झालीच नाही, पिठूळ होऊन विरघळून गेली. सुरकुतलेल्याची अशी चिवट झाली की दातांतून ओढली तर लांब तार यावी. वहिनी माझ्याकडे बघत होती. "दातं असल्यावर कळतंय की," ती हळूच म्हणाली. तेवढंच. आत्याचं नाव घेतलं नाही.

ती उठून सरळ आईकडे गेली. आई मिरच्या निवडत होती. "मामी, मला ह्या कोपऱ्यातल्या कणगीतला गहू घेऊ द्या."

आईनं वर पाहिलं नाही. "ते कोंबड्याला ठिवलंय, बाई."

"कोंबड्याला ठिवलेलंच द्या. मोडल्या तर कोंबड्यालाच टाका."

आत आत्या होती, खोकत होती. मग आईनं मिरच्या बाजूला सारल्या, सूप उचललं आणि वहिनीच्या हातात दिलं. माझ्या आईनं आयुष्यात आत्याच्या मनाविरुद्ध केलेली ती पहिली गोष्ट. आज मला वाटतं, तिच्याही हातात त्या दिवशी तार तुटली होती, आणि आपल्या हातांना काय झालं ते तिलाही जाणून घ्यायचं होतं. पण असंही असेल की तिला फक्त दया आली.

गहू ओलवला, दोघींनी कांडला, मी जात्याला हात लावला. सुरकुतलेल्या दाण्याचं कांडण फार जड, कोंडाच जास्त निघायचा, सपीट अगदी ओंजळीनं पडायचं. आत्याला दिसत होतं. ती जाता येता म्हणायची, "करा, करा. दळून काय नशीब बदलतंय का?" पण थांबवलं नाही. मेव्हणा येणारच होता.

तो आला सकाळी, ऊन चढायच्या आत, धुळीनं माखलेला, हातात पिशवी. वहिनीहून धाकटाच. त्याला ओसरीवर बसवून पाणी दिलं. गाडी दुपारची होती. वहिनीची ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली होती. भावाला बघून ती आली, "बस जरा," म्हणाली, आणि अंगणात जाऊन पाट मांडला. आईनं बाजा ओढल्या. मला हाक मारायची गरज नव्हती, मी बसलेच होते. सवाष्णी नव्हत्या, हळदकुंकू नव्हतं. ओसरीवर आबा, दादा, भाऊ. उंबऱ्यात आत्या. गोठ्यातल्या बैलाच्या शेपटीचा आवाज ऐकू येत होता.

वहिनीनं गोळा उचलला. तो हातातून लोंबायला लागला, तिनं परत मुडपला, पुन्हा ताणला. मग पाटावर ठेवून तळवा फिरवला. तार निघाली. मी दोन्ही हात पुढे केले. ती माझ्या बोटांवर आली, बोटांवरून खाली गेली, मी काठीवर घातली, ती काठीवरून पुन्हा खाली आली आणि तरी तुटेना. रंगानं मातकट, जरा काळपट होती, टपोऱ्या गव्हासारखी शुभ्र नव्हती. पण केसासारखी बारीक. वहिनी थांबली नाही. एक काठी भरली, दुसरी भरली. आईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. दादा उठून अंगणात आला आणि स्वतःच्या जळालेल्या गव्हाकडे, त्या लोंबणाऱ्या तारांकडे, खुळ्यासारखा बघत राहिला.

पुढे परभणीला शिकायला गेले तेव्हा हे सगळं मला फळ्यावर भेटलं. शिकवणारे सर सांगत होते की नत्र कमी पडलं तर गव्हाच्या दाण्यात पिठूळ भाग भरतो, दाणा फुगतो, त्यावर पांढरे ठिपके येतात, पण कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन त्यात थोडं असतं. नत्र भरपूर मिळालं आणि ऐन दाणे भरताना पाणी तुटलं, तर पिठूळ भाग भरायचा राहतो, दाणा सुरकुततो, पण प्रथिन त्यामानानं पुष्कळ राहतं. वर्गातली सगळी पोरं लिहून घेत होती आणि मी मात्र खिडकीतून बाहेर बघत होते, कारण मला रडू येत होतं. नंतर मी स्वतः हेच शिकवलं, वर्षानुवर्षं. तेव्हा लगेच सांगायचे, म्हणून दादाचा युरिया शहाणा ठरत नाही. दुष्काळात पाण्याचा हिशेब न बघता नत्र ओतलं तर उत्पन्न बुडतं, ते आमचं बुडलंच. शेवयांना तो गहू चांगला निघाला, खळ्याला नाही. डोळ्यांनी पारखलेला दाणा फसवतो, एवढंच. विद्यार्थी विचारायचे, मॅडम, उदाहरण द्या. मी काहीतरी दुसरंच उदाहरण द्यायचे.

पण तेव्हा मी अंगणात होते. काठ्या भरल्या, पीठ संपलं. आत्या उंबऱ्यातून बघत होती. तिला लांबून किती दिसत होतं कोण जाणे, पण तारा वाऱ्यानं हलत होत्या, तेवढं दिसलंच असेल. मग ती म्हणाली, "जमलं म्हनायचं. गनपत, पाव्हन्याला जेऊ घाला. ट्रंक आत घ्या तिची. ऱ्हाऊ द्या."

आबा चक्क हसले. मी उठून उडीच मारणार होते. वहिनीनं हात धुतले, पदराला पुसले आणि आत आली नाही. ती दादासमोर उभी राहिली. तिला त्याच्याशी असं चारचौघांत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"ह्या गव्हाच्याबी तुटल्या असत्या तर?"

दादा म्हणाला, "न्हाई तुटल्या न्हवं? झालं तर मग."

"तुटल्या असत्या तर धाडली असतीत ना मला?"

दादानं आबांकडे पाहिलं, आबांनी आत्याकडे. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बोल, काहीतरी बोल! वहिनीनं थोडी वाट पाहिली. मग भावाला म्हणाली, "चल रे. गाडी चुकंल." आईला वाकून नमस्कार केला, आत्यालाही केला, आणि ट्रंक भावाच्या डोक्यावर देऊन ती फाट्याच्या वाटेला लागली. आई वेशीपर्यंत मागे गेली. मी गेले नाही, मला शेवया राखायच्या होत्या. कावळे टपले होते.

घराचं नंतर जे झालं ते सांगवत नाही. शेवया वाळल्या, डब्यात गेल्या, ताई उठून जेवायला लागली, पण कुणाचा घास गोड लागेना. दादा शेताकडे जायचा आणि तिथून कुठे जायचा कळायचं नाही. आई कधी नव्हे ती भांडी आपटायला लागली. हळदीचा दिवस जवळ आला तसं आबा म्हणाले, "सून न्हाई तर करवलीचं कोन बघनार?" हे त्यांचं आडवळणानं माफी मागणं होतं. त्यानंतर एका पहाटे दादा कुणाला न सांगता बिलोलीला निघून गेला.

परत आले ते दोघं भर दुपारी. ट्रंक दादाच्या डोक्यावर होती. गावानं बघितलं आणि त्यानं बघू दिलं. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावली. पण वहिनी पायरीच्या खालीच थांबली. उन्हात. आत्या उंबऱ्यात बसलेली होती.

"तिकडं आमच्या दारात बोललाव ते हितं बोला," वहिनी म्हणाली.

"घरात तर चल आधी."

"बोला."

दादानं ट्रंक खाली ठेवली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, उन्हानं म्हणा की कशानं. "त्या गव्हाच्याबी तुटल्या असत्या," तो म्हणाला, "तरी मी हिला धाडलो नसतो."

"मोठ्यानं."

तो मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या काकू परड्यातून बाहेर आल्या इतक्या मोठ्यानं. ते खोटं होतं. निरोप त्यानंच नेऊन दिला होता, हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, वहिनीला तर होतंच. तिनं ते खोटं पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली. आईच्या हातातला तुकडा तसाच राहिला होता.

आत्या हलली नाही. तिची नजर दादावर होती, वहिनीवर नव्हती. मी तिला ओळखत होते असं मला वाटायचं, पण तो आवाज मी तोवर ऐकलेला नव्हता.

"मला माझ्या सासरच्यांनी गाडीत घालून हितं आणून सोडलं," ती म्हणाली, "तवा असं खोटं बोलायलाबी कुनी न्हवतं."

मग ती भिंतीला धरून उठली आणि उंबऱ्यातून बाजूला झाली. वहिनी पायरी चढून आत गेली.